पाठमोरी

लिफ्टचं दार लागलं आणि तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "आई आल्या का गं दवाखान्यातून घरी?"

विचारताना मनात काही नव्हतं. सकाळची पावणेनऊची वेळ, लिफ्टमध्ये दोघीच, आणि शेजारी उभी असलेली मुलगी झाकणांच्या हॉलमधली तपासनीस, चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. असं कुणी दिसलं की माणूस विचारतंच. पण मुलीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत साधं आश्चर्यसुद्धा नव्हतं. अनोळखी माणसानं मागून येऊन खांद्यावर हात ठेवला तर अंग कसं चोरलं जातं, तसं काहीतरी होतं. "तुम्हाला कसं कळलं?" मुलगी म्हणाली. "ऑफिसात मी कुणाजवळ बोलले नाहीये." लिफ्ट संथपणे वर सरकत होती. "कुणीतरी म्हणालं," ती म्हणाली. "कोण?" "आता नेमकं आठवत नाही गं." दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं. मुलगी बाहेर पडली, दोन पावलं गेली आणि वळून उभी राहिली; दार लागेपर्यंत ती तशीच बघत होती. मग लिफ्टमध्ये उरली ती एकटी आणि समोरचं स्टीलचं दार, त्यात तिचाच धूसर, लांबट झालेला चेहरा. ती स्वतःला म्हणाली, खोटं बोललीस. आणि लगेच दुसरं कुणीतरी आतून म्हणालं, आठ महिन्यांतलं हे पहिलं का?

कंपनी औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवत होती. तीनशे बारा माणसं. बावीस वर्षं ती तिथल्या पत्रव्यवहार विभागात होती. कंपनीच्या नावानं जे जे कागद बाहेर जात ते तिच्या हाताखालून जात, आणि ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक ती सुटू देत नसे, म्हणून सगळे तिला मागे, आणि काही जण तोंडावरही, शुद्धलेखनबाई म्हणत. मग पत्रं लिहिणंच बंद झालं. विभाग गुंडाळला. तिला वाटलं, आता आपल्यालाही गुंडाळतील. पण मनुष्यबळ विभागाच्या नव्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं, चहा दिला, आणि तुमच्यासारखं बारकाईनं वाचणारं माणूस आम्हाला हवंच आहे असं म्हणाले. चौथ्या मजल्यावर जिन्यालगत एक खोली होती, आधी तिथे जुने पंखे ठेवलेले असत. पंखे हलले, टेबल आलं, संगणकाचा पडदा आला. पडद्यावर तीनशे बारा नावं. नावापुढे कामाच्या वेळेत कोण कुठल्या साइटवर किती मिनिटं होतं त्याचा आकडा, आणि त्यापुढे त्या माणसानं कुठे काय लिहिलं, कशाखाली अंगठा दिला, कुणाच्या फोटोवर काय बोललं, ते सगळं. यंत्र आपलं आपण रंग लावत असे, निरुपद्रवी ते हिरवं, शंकेचं ते पिवळं, कंपनीविरुद्धचं ते लाल. आणि शेवटी एक रिकामा चौकोन असे, तिच्या शेऱ्यासाठी. यंत्राला म्हणे उपहास कळत नाही. तिला कळायचा. पहिल्या आठवड्यात तिला हे काम आवडलं होतं, हे तिनं कुणाला सांगितलं नसतं, पण आवडलं होतं. इतकी वर्षं लिफ्टमध्ये, कॅन्टीनमध्ये, रजिस्टरवर सही करताना ज्या माणसांची नुसती कपाळं दिसली त्यांच्या घरातला उजेड एकदम दिसायला लागला. हिशेबनीस रविवारी कासवांची छायाचित्रं टाकतो. ड्रायव्हर कविता करतो. रखवालदाराची मुलगी पोहण्याच्या शर्यतीत दुसरी आली.

सगळ्यांचं लिखाण काही उघड्यावर नसतं. म्हणून साहेबांच्या माणसांनी एक खातं तयार करून तिच्या हवाली केलं होतं. ते एका बाईचं होतं, जी कुठेच नव्हती. फोटोत समुद्रकिनारा आणि समुद्राकडे तोंड करून उभी असलेली एक बाई, पाठमोरी, वाऱ्यानं ओढणी बाजूला गेलेली. या पाठमोरीनं एकेकाला मैत्रीची विनंती पाठवायची, आणि कुणाच्याही पोस्टखाली अंगठा द्यायचा किंवा 'छान' लिहायचं. यापलीकडे एक अक्षर नाही. लोक कुणालाही दार उघडतात हे पाहून ती आधी चकित झाली होती. एकशे नव्वद जणांनी उघडलं. घरी नवरा सोफ्यावर बसून कुणा मित्राच्या बढतीवर तिरकस काहीतरी लिहीत होता तेव्हा मागून जाताना तिच्या डोक्यात आपोआप आलं, पिवळा. ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिली. नवरा म्हणाला, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही, पाणी गार आहे का बघतेय."

तिची आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. डोक्यावर हेडफोन, समोर भोकाभोकांची पाटी, आणि या भोकातली वायर त्या भोकात घालत आठ तास बसायचं. तेव्हा सगळ्या गावाचं बोलणं आईच्या कानांवरून जात असे. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा मुलगा नापास झाला, कुणाला कुठला आजार निघाला. आणि संध्याकाळी शेजारीण येऊन तीच बातमी सांगायची, तेव्हा आई डोळे मोठे करून म्हणायची, "हो का? मला काहीच माहीत नव्हतं." नऊ-दहा वर्षांची असताना तिला त्या 'हो का'चा भयंकर राग येत असे. तिनं एकदा विचारलं, तू खोटं का बोलतेस? आई भांडी पुसत होती. म्हणाली, "ते तिचं आहे. तिनं सांगितल्याशिवाय मला माहीत होऊन चालत नाही." हे वाक्य तिच्या डोक्यात इतकी वर्षं पडून होतं, आणि आज सकाळी लिफ्टमध्ये ते नेमकं उपयोगी पडायला हवं होतं तेव्हा ती गप्प बसू शकली नाही. आईला जमलं ते मला जमलं नाही, असं ती मनाशी म्हणाली. आणि मग तिला हेही माहीत होतं की आईला जमलं होतं असंही नाही.

कारण शेवटच्या आजारपणात, दुपारची उन्हं भिंतीवर आलेली असताना, आईनं कुणी न विचारता सांगितलं होतं. संपाच्या दिवसांत मोठ्या साहेबांनी तिला एक नंबर दिला होता, शाळेतल्या एका मास्तरांचा. त्या नंबरवरचं बोलणं ऐकायचं आणि लिहून द्यायचं. "मी दिलं," आई म्हणाली. "सहा दिवस दिलं. अक्षर चांगलं होतं माझं." "मग?" "मग काय. मास्तरांची बदली झाली, लांब कुठेतरी. त्यांच्या बायकोला काही ठाऊक नव्हतं. जाताना शिलाई मशीन मला देऊन गेली. म्हणाली, जड आहे, कुठे नेऊ, तुमच्या मुलीचे फ्रॉक शिवा." एवढं बोलून आईनं कूस बदलली होती. ती मात्र तशीच बसून राहिली होती आणि एकेक फ्रॉक आठवत होती. निळा, चौकटीचा, खांद्यावर फुगा असलेला.

अकरा वाजता साहेबांनी बोलावलं. साहेब तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, बोलायला मऊ, समोरच्याला आधी बसवल्याशिवाय स्वतः न बसणारे. त्यांच्या समोर एक कागद होता. "मॅडम, झाकण हॉलमधली तपासनीस. या महिन्यात कामाच्या वेळेत एकूण चौतीस मिनिटं. आणि हे." त्यांनी वाचून दाखवलं, अगदी सपाट आवाजात, किराणा मालाची यादी वाचावी तसं: "'आज पुन्हा बारा तास. आई दवाखान्यात एकटी. सुट्टी मागितली तर विचारतात, तुमची आई रोजच आजारी असते का.' यंत्रानं लाल दिला होता. तुम्ही तो हिरवा केलात."

"हो," ती म्हणाली.

"का?"

"तिनं खोटं काही लिहिलेलं नाही."

साहेब हसले. "खरंखोटं आपण बघत नाही, मॅडम. आपण रंग बघतो." मग त्यांनी कागद उलटला. "आणि तुम्ही तिला उत्तरं दिलीत. त्या खात्यावरून. लांबलचक. नियमात अंगठा आहे आणि 'छान' आहे."

"तिनं लिहिलं, आईनं आज मला ओळखलं नाही. त्याखाली छान कसं लिहू?"

साहेबांनी कागद खाली ठेवला. ती त्यांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत होती; काचेखाली त्यांच्या मुलाचं चित्र होतं, घर, सूर्य, आणि घराएवढा मोठा कुत्रा. तिला वाटलं, आता रागावतील, आणि रागावले तर बरं, रागाला उत्तर देता येतं. पण साहेब खुर्ची पुढे ओढून आणखी मऊ आवाजात म्हणाले, "झालं ते एका परीनं चांगलंच झालं. तिचा तुमच्यावर विश्वास बसलाय. हॉलमध्ये काहीतरी शिजतंय मॅडम, बारा तासांच्या पाळीविरुद्ध सह्या गोळा करतायत म्हणे. तिला जरा विचारा, कोण कोण आहे. सहज, बोलता बोलता. सोमवारपर्यंत नावं मिळाली की झालं."

"आणि तिचं काय?"

"तिचं आपण सांभाळून घेऊ. आपण सगळे एक कुटुंबच आहोत." आणि ती उठली तेव्हा, कौतुकानंच, "खरं सांगू? तुम्हाला निवडलं त्याचं कारण तुमचं स्वतःचं कुठेच खातं नाही. मी शोधलं होतं. फोटो नाही, मत नाही, काहीच नाही. अशी माणसं आता राहिलीच नाहीत."

जिना चढताना ते शब्द तिच्या पावलांबरोबर वर येत होते. मत नाही, काहीच नाही. बावीस वर्षं तिनं 'आपला विश्वासू'च्या वरची वाक्यं लिहिली होती आणि खाली सही दुसऱ्याची. घरी कुणाशी भांडण झालं तर ती कपाट आवरत असे. तिला काही म्हणायचं नव्हतं असं थोडंच होतं. म्हणायचं पुष्कळ होतं, पण कुणी विचारत नव्हतं, आणि न विचारता बोलायचं तर तोंड उघडायची सवय लागते. आणि मग गेल्या महिन्यात, कुठेच नसलेल्या एका बाईच्या नावामागे बसून, तिनं एका मुलीला लिहिलं होतं की आजारी माणूस ओळखत नाही तेव्हा नाव सांगत बसू नये, नुसते पाय चेपावेत, पायांना माणूस ओळखू येतं. तिच्या आईला आलं होतं. लिहून झाल्यावर तिला छातीत हलकं वाटलं होतं. मुलीचं उत्तर आलं होतं, 'ताई, तुमच्याशी बोललं की बरं वाटतं.' आयुष्यात तिला कुणी असं म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं ते तिला नव्हतंच. तिला बोचत होतं ते हेच: जे खोटं होतं त्यातच ती सगळ्यात खरी वागली होती, आणि आता साहेब त्या खरेपणालाच गळ म्हणून लावायला सांगत होते.

खोलीत येऊन तिनं पडदा चालू केला तर पाठमोरीच्या खात्यावर निरोप येऊन पडला होता. सव्वानऊचा. 'ताई, आज लिफ्टमध्ये ऑफिसातल्या एका बाईंनी आईची चौकशी केली. मी तिथे कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या शुद्धलेखनाच्या बाई, कुणाशी फारशा बोलत नाहीत. त्यांना कसं कळलं असेल? मला भीती वाटतेय. तुम्हाला काय वाटतं?'

तिनं बोटं कळांवर ठेवली. 'घाबरू नकोस' असं लिहिलं आणि पुसलं. 'कुणी सांगितलं असेल' लिहिलं आणि पुसलं. पुढचं वाक्य काय असायला हवं हे तिला स्पष्ट दिसत होतं, इतकं सोपं होतं ते: हॉलमध्ये तुझ्या बाजूनं कोण कोण आहे गं? एवढंच. मुलीनं नावं भराभर दिली असती. सोमवारची सुद्धा वाट बघावी लागली नसती. आणि ती नावं ती नीट लिहून देईल, ऱ्हस्व-दीर्घ तपासून, कारण तिचंही अक्षर चांगलं आहे. तिला वाटलं, आईनं सातव्या दिवशी काय केलं हे आपण कधी विचारलंच नाही. कदाचित सातवा दिवस आलाच नसेल. मास्तरांचं त्याआधीच ठरून गेलं असेल. कदाचित आई सातव्या दिवसाची वाट बघत बसली असेल आणि तेवढ्यात सहा दिवस होऊन गेले असतील. खिडकीखाली मालाच्या ट्रकमधून खोकी उतरत होती, कुणीतरी मोजत होतं, सव्वीस, सत्तावीस. ती उठली. तिनं तीनशे बारा नावांची यादी छापून घेतली. छपाईच्या यंत्रातून कागदामागून कागद बाहेर येत होते आणि ते गरम होते. तिनं ते छातीशी धरले आणि दार उघडं टाकून खाली निघाली.

तिसऱ्या मजल्यावर पहिला हिशेबनीस भेटला. त्याच्या टेबलासमोर उभं राहून ती म्हणाली, "तुम्ही लिहिता ते मी वाचते. आठ महिने झाले. कंपनीनं मला त्यासाठी बसवलंय. रंग लावते मी माणसांना. आणि समुद्रकिनाऱ्यावरची ती बाई आहे ना तुमच्या खात्यावर, ती मी." तिला स्वतःचा आवाज परका वाटला, आणि बरोबरही वाटला. हिशेबनीसाचा चेहरा पांढरा पडला. "माझा रंग कुठला?" त्यानं हळूच विचारलं. "हिरवा. पण मी रंग दाखवायला आलेली नाही, सांगायला आलेय." पुढच्या टेबलावरच्या दोघींनी ते ऐकलंच होतं, त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही, त्यातली एक भराभर फोनमध्ये काहीतरी पुसायला लागली आणि दुसरी तिला म्हणाली, "लाज नाही वाटत तुम्हाला?" "वाटते," ती म्हणाली, आणि यादीवर तीन नावांपुढे खूण केली. जिन्यात ड्रायव्हर चावी फिरवत बसला होता. त्याला सगळं ऐकून आधी हसूच आलं. "म्हणजे माझ्या कविता वाचल्यात?" "सगळ्या." "कशा वाटल्या?" तिनं खरं ते सांगितलं, की वडिलांच्या चपलांवरची चांगली आहे, बाकीच्यांत यमकासाठी ओढाताण फार. मग त्याचं हसू हळूहळू मावळलं. "ती बायकोलासुद्धा दाखवली नव्हती मी," तो म्हणाला. "चारच जणांना दिसेल अशी ठेवली होती, त्यातली एक ती किनाऱ्यावरची." तिनं त्याच्या नावापुढे खूण केली. फाटकावरचा रखवालदार म्हणाला की मला वाटलंच होतं, एवढं छान छान कोण म्हणतं हो बाई फुकटात.

कुणी तिचे आभार मानले नाहीत. तिला ते अपेक्षितही नव्हतं. पण एकेक टेबल मागे पडत गेलं तशी पाठ ताठ होत गेली. अंगावर शब्द येत होते आणि ते तिच्याच अंगावर येत होते, दुसऱ्या कुणाच्या नाही. फाटकापासून परत वर, दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत बातमी तिच्या पुढे जाऊन पोचली होती. झाकणांच्या हॉलचं दार तिनं ढकललं तेव्हा यंत्रं चालू होती, पांढरी झाकणं पट्ट्यावर गारांसारखी पडत होती, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या बायका तिच्याकडे बघत होत्या. फक्त तपासनीस बघत नव्हती. ती दिव्याखाली झाकण धरून, भिंगातून त्याची कड तपासत होती. एक बाजूला टाकलं, दुसरं घेतलं.

"तुला सांगायचंय," ती म्हणाली.

"कळलंय." मुलीनं मान वर केली नाही. "ताई तुम्ही."

"हो."

"पाय चेपायचं तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"आणि ते खरं होतं, की कुणी लिहून दिलं होतं?"

"ते माझ्या आईचं होतं. ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं."

आता मुलीनं भिंग खाली ठेवलं. डोळे कोरडे होते आणि रागानं नुसते चमकत होते. "मी रोज चेपते," ती म्हणाली. "आईनं परवा माझं नाव घेतलं. मी ते पहिल्यांदा तुम्हाला लिहिलं, भावाला नंतर. आता मी त्याचं काय करू, सांगा ना. ते परत कसं घेऊ?"

तिला सांगावंसं वाटलं की साहेबांनी नावं मागितली होती आणि मी दिली नाहीत. ओठांपर्यंत आलं. पण त्यात आपलीच पाठ थोपटल्यासारखं झालं असतं, म्हणून तिनं ते वेगळं करून सांगितलं, सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं, यंत्रांच्या वर आवाज काढून: "सह्या कोण कोण गोळा करतंय ते मला विचारायला सांगितलंय. सोमवारपर्यंत. जपून राहा. त्या खात्यावर कुणीही काही लिहू नका, तिथे उद्या दुसरं कुणी बसेल." पट्ट्याच्या टोकाशी कुणीतरी बटण दाबलं आणि यंत्र थांबलं. इतक्या वर्षांत हॉल इतका शांत तिनं कधी ऐकला नव्हता.

पुढचं सगळं कागदोपत्री आहे. तिला दोन महिने घरी बसवलं, चौकशी लावली, तीन माणसांच्या समितीनं गोपनीयतेचा भंग असं लिहिलं, आणि कुणाच्या गोपनीयतेचा असं तिनं विचारलं तेव्हा त्याची नोंद घेतली नाही. माफीपत्राचा मसुदा तिच्यापुढे ठेवला. त्यातल्या पाच चुका तिनं दुरुस्त केल्या आणि सही न करता परत दिला. नोकरी गेली. कंपनीला मात्र बोभाट्यापायी फलक लावावा लागला, प्रत्येक मजल्यावर, की आपलं लिखाण वाचलं जातं. आणि ज्या दिवशी फलक लागला त्याच दिवशी हॉलमधल्या एक्काहत्तर जणींनी बारा तासांच्या पाळीविरुद्धच्या अर्जावर उघड सह्या केल्या, ठळक, पूर्ण नावानिशी. नवऱ्यानं विचारलं, तुला काय मिळालं? ती म्हणाली, "झोप." आणि ते खरं होतं.

पण त्या सकाळी हे काहीच झालेलं नव्हतं. त्या सकाळी हॉलच्या दारात साहेब येऊन उभे राहिले, धापा टाकत, मागे रखवालदार, ज्याला कुठे बघावं ते कळत नव्हतं. साहेबांचा आवाज अजून मऊच होता. "मॅडम, जरा केबिनमध्ये येता का? आपण शांतपणे बोलू."

"इथेच बोला," ती म्हणाली.

"हे बोलणं इथे करण्यासारखं नाही."

"म्हणूनच इथे बोला. सगळ्यांना ऐकू येऊ दे."

साहेबांनी दोन्हीकडच्या बायकांकडे पाहिलं. एकही जागची हलली नाही. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि आवाज आणखी खाली आणून काहीतरी म्हणायला सुरुवात केली. तेवढ्यात तपासनीस उठली. तिनं हातमोजे काढून दिव्याखाली ठेवले. ती शुद्धलेखनबाईकडे बघत नव्हती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग तसूभरही कमी झालेला नव्हता.

"थांबा साहेब," ती म्हणाली. "माझं यांच्याशी बोलणं चाललंय. ते अजून संपलेलं नाही."